दर्याची ढेप

कार्तिक वद्य पंचमी, सांजवेळ

यंदा आमच्या पेढीचा गूळ आगगाडीने मुरगावच्या बंदराला गेला. तिथे पाणी खोल, आगबोट थेट धक्क्याला लागते. राजापूरची खाडी गाळाने भरत चालली. तिथे मचव्यातून माल न्यायची यातायात आता कोण करणार? माझे काही चुकले नाही. ढेप मात्र कोनाड्यातच राहिली.

पहिल्या घाण्याची लहान ढेप दर्याची. वडिलांच्या वेळेपासून आमचा गाडीवान बाबालाल ती घाट उतरून नेई, राजापूरला पाण्यात सोडी, मगच गाड्या रिकाम्या करी. यंदा कुणाकडे द्यायची? गार्डाकडे?

आज बाबालाल स्वतःच दारात.

“शेट, बैलं हुबी हाईत. गाड्या कवा भरायच्या?”

“यंदा गाड्या नकोत. माल रेल्वेनं गेला.”

“व्हय, ऐकलं की.”

ऐकले होते, तर विचारले कशाला? तेवढ्यात हिने दरवर्षीच्या सवयीने कोनाड्यातली ढेप आणून त्याच्या हातावर ठेवली. हिला अडवायला हवे होते का? त्याने ती पटक्याच्या टोकात बांधली. पायरी उतरला आणि थांबला.

“वैनी, दर्या आता लांब ऱ्हायला. ही बैलांस्नी चारतो. इतकी वर्सं वढलं त्यांनीच.”

ही माझ्याकडे पाहू लागली. मी होकाराची मान हलवली.

तीस वर्षे राजापूरच्या बंदरावर घर चालले. मी अजून दर्याचे पाणी पाहिलेले नाही. त्या बैलांनी पाहिले आहे.