खडकीची उरलेली रांग

हर्नडन,
रविवार, ६ ऑक्टोबर २०२४

चि. केयास,
अनेक आशीर्वाद.

मी बरा आहे. पानं पडतायत, गटर तुंबलंय, शिडीवर कोण चढणार म्हणून तसंच आहे. आईचा पुण्याहून रोज फोन असतो. आजीचं खुब्याचं ऑपरेशन नीट झालं, पण नोव्हेंबरपर्यंत आईला तिथून हलता येणार नाही.

मराठीत लिहितोय, म्हणजे तुझ्या त्या सार्जंटबाईंना वाचता येणार नाही. अक्षर मोठं काढलंय. रविवारच्या मराठी शाळेत तू सॉकरचे बूट घालूनच बसायचीस आणि तास संपायच्या आत मैदानावर पळायचीस. तरी वाचायला शिकलीस, कारण शिकवायला मी होतो.

आधी डब्याचं. फौजेच्या ट्रेनिंगमध्ये खाऊ पाठवायचा नसतो हे मला कोण सांगणार? मुलगी बाहेरगावी गेली की आपल्यात बेसनाचे लाडू पाठवतात, बास. ते त्या बाईंनी सगळ्यांसमोर कचऱ्यात टाकले आणि अख्ख्या प्लटूनला एका लाडवामागे दहा पुश-अप्स! अगं, मी एकवीस पाठवले होते. आयुष्यात पहिल्यांदा बेसन भाजलं, हात भरून आला. माफ कर. तुझ्या प्लटूनलाही सॉरी सांग.

पण मी अजून चिडलेलाच आहे, हेही वाच. कॉलेजची सॉकर टीम, पुढच्या वर्षी कॅप्टन करणार होते, आणि तू ते सगळं सोडून रायफल घेऊन चिखलात लोळतेस! मंडळाच्या गणपतीत संजीवकाकांनी विचारलं, "काय म्हणतोय केयाचा सीझन?" मी म्हटलं, "मस्त." आणि पुढचं काही विचारायच्या आत प्रसादाच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. किती दिवस असं तोंड लपवायचं?

काल तुझी खोली आवरायला घेतली. आठवीतला प्रोजेक्ट सापडला. दीडशे वर्षांपूर्वीचा इंग्लिश फुटबॉलर, आर्थर बिडल. आठवतो? आठवडाभर गिरणीत काम, शनिवारी मॅच. इंग्लंडकडून दोनदा खेळला आणि ऐन भरात असताना फौजेत भरती झाला. तू लिहिलंयस, त्याचा लोहार बाप स्टेशनवर सोडायलासुद्धा गेला नाही. पुढे त्याला हिंदुस्थानात धाडलं आणि खडकीच्या छावणीत तो तापाने गेला, सत्ताविसाव्या वर्षी. शेवटच्या पानावर तू विचारलंयस, "व्हाय डिड ही गो?" तेव्हा मी म्हणालो होतो, "मूर्ख होता, म्हणून."

त्याच वर्षी सुट्टीत पुण्याला गेलो, तेव्हा तू मला खडकीच्या कबरस्तानात नेलंस, त्याची कबर शोधायला. मरणाचं ऊन. तू एकेक दगड पुसून नाव वाचत होतीस. एकच रांग उरली होती आणि मी म्हणालो, "चल आता, आत्याकडे पानं वाढलीयत." येताना रिक्षात तू तोंड फिरवून बाहेर बघत बसलीस. मला वाटलं, भूक लागली असेल.

यापुढचं तीनदा लिहून फाडलंय. ऑगस्टमध्ये तू निघालीस त्या सकाळी माझी मीटिंग नव्हती. मी गराजमध्ये लॉनमोअरजवळ उभा होतो. आईने दोनदा हॉर्न दिला. तू घरात परत आलीस, गराजचं दार वाजवलंस, "बाबा, निघते मी" म्हणालीस. माझा हात आतून दाराच्या मुठीवर होता. आणि मी म्हटलं, "कॉलवर आहे." कसला कॉल, डोंबल! फोन किचनमध्ये चार्जिंगला लावलेला, तुझ्या डोळ्यांसमोर. तू तो पाहिलाच असशील. आणि "ओके, बाबा" म्हणून गेलीस.

म्हणून तुझ्या पत्रातलं ते वाक्य मला झोंबलं. फॅमिली डेला तुम्ही सगळे मैदानात अटेन्शनमध्ये उभे राहणार, आणि घरच्या माणसाने येऊन खांद्याला हात लावेपर्यंत कुणी हलायचं नाही. पुढे लिहितेस, "आई पुण्यात आहे, बाबा बिझी असतील, इट्स ओके. ज्यांचं कुणी येत नाही, त्यांना सार्जंट हात लावते."

ज्यांचं कुणी येत नाही! टेबलावर हात आपटला मी. राग तुझा नव्हता.

सोळा तारखेचा बुधवार ना? सात तासांचा ड्राइव्ह आहे, मंगळवारीच निघतो. तू गेलीस ते मला पटलेलं नाही, भांडायचंही आहे, पण ते नंतर गाडीत. तिथे एकसारख्या टोप्या, एकसारखे कपडे. मला लांबचं दिसत नाही, तुला माहितीये. मी पहिल्या रांगेपासून प्रत्येकाच्या छातीवरचं नाव वाचत येईन. वेळ लागेल. बाईंनी हात पुढे केलाच, तर परवानगी असो-नसो, सांग त्यांना, माझे बाबा येतायत.

तोवर हलू नकोस, बाळा.

यावेळी शेवटची रांगही बघणारा,
तुझा बाबा