पडद्यावर नाव पाहिजे

३ नोव्हेंबर २०२४, सकाळी ९
फोन आला! मुंबईहून नाही, दोंडाईच्याहून. पण सिनेमाचाच. अर्हम नावाचा मुलगा, सहायक दिग्दर्शक. त्याच्या आजोबांच्या, म्हणजे माझ्या ओळखीच्या सोहनलालशेठच्या जुन्या घरात हिंदी सिनेमाचं शूटिंग आहे. हिरोच्या वडिलांचा रोल. मी भारदस्त आवाजात म्हणालो, विचार करून कळवतो. तो फोन ठेवायच्या आत हो म्हणून टाकलं.

एकतीस वर्षं मुंबईत काढली. चौसष्ट हिंदी सिनेमे. पैकी एक्केचाळीसमध्ये मेलो. गोळी, सुरा, गोदामाची आग, एकदा तर नुसता हिरोचा धक्का लागून. मरण्यात माझा हात धरणारा इंडस्ट्रीत कोणी नव्हता. पण पडद्यावर नाव एकदाही आलं नाही. ‘और अन्य’ असं येतं ना, त्यात मी चौसष्ट वेळा आहे.

आता वय एकोणसत्तर. जळगावला पिंप्राळ्यात येऊन आठ वर्षं झाली, गल्लीत अजून मला ‘मुंबईवाले आबा’ म्हणतात. गुलाबकुमार कोणी म्हणत नाही. या वेळी पडद्यावर नाव पाहिजे. नाव नाही तर काम नाही. ठरलं.

आजपासून पहाटे चालणं. भरीत बंद. चेहऱ्यावर सूज नको.

४ नोव्हेंबर
चालणं उद्यापासून. बाहेर धुकं होतं. बायको, लिलाबाई, म्हणाली, धुकं नव्हतं, तुमचा चष्मा पुसा.
शेजारच्या पुष्पाबाईंनी भरीत पाठवलं. शेजारधर्म म्हणून खाल्लं. कळण्याच्या भाकरी दोन.
(तीन.)

७ नोव्हेंबर
अर्हमला संवाद मागितले. म्हणाला, आबा, तुम्हाला संवाद नाहीत. मौन भूमिका! कसलेल्या नटालाच असली देतात. आरशासमोर दोन तास डोळ्यांनी बोललो. लिलाबाईने विचारलं, पोट दुखतंय का?

९ नोव्हेंबर, दुपारी
थोडा खुलासा झाला. हिरोचे वडील सिनेमा सुरू व्हायच्या आधीच वारलेले आहेत. म्हणजे माझा भिंतीवर फोटो. शिवाय चौकात श्रद्धांजलीचा मोठा फ्लेक्स.
आधी जरा वाईट वाटलं. मग हिशेब केला. फोटो दिवाणखान्यात. सिनेमा सगळा दिवाणखान्यात. हिरो मध्येच बाहेर जातो, हिरॉइन माहेरी जाते, मी मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे. मुख्य भूमिका म्हणतात ती हीच.
अट घातली: फ्लेक्सवर माझंच नाव टाका. दिग्दर्शक म्हणाले, पात्राचं नाव ठाकूर रणवीर प्रताप आहे. मी म्हणालो, मग पात्राचं नाव बदला. पाऊण तास हटलो नाही. शेवटी ते थकून म्हणाले, टाका काय टाकायचं ते.
जिंकलो. लिलाबाईला सांगितलं. ती म्हणाली, जित्या माणसाचं नाव तसल्या फ्लेक्सवर कशाला? तिला कलेतलं कळत नाही.

१४ नोव्हेंबर, धुळे
स्टुडिओत फोटो काढले. एकोणीस भाव दिले. करारी, वत्सल, पश्चात्तापदग्ध, वगैरे. फोटोग्राफरचा बल्ब मध्येच गेला. तो बदलत असताना चुकून एक फोटो निघाला, तोंड अर्धवट उघडं. दिग्दर्शकांना तोच पसंत पडला. म्हणाले, यात तुम्ही खरोखर गेल्यासारखे वाटता. एक्केचाळीस मरणांचा अनुभव काही वाया जात नाही.
साडू निंबा धुळ्यातच राहतो, पण मुद्दाम भेटलो नाही. एकदम पडद्यावरच दिसावं.

२६ नोव्हेंबर
दोंडाईच्याला स्टेशनजवळच्या चौकात फ्लेक्स लागला! अर्हमने फोटो पाठवला. कै. बारीक, गुलाबकुमार हे हाताएवढं मोठं. खाली ‘शोकाकुल: समस्त मित्र परिवार’. हिरोची तब्येत बिघडल्यामुळे शूटिंग आठ दिवस पुढे गेलं. फ्लेक्स तसाच ठेवलाय. उत्तम. जाणारे-येणारे वाचतील.

२९ नोव्हेंबर, सकाळी १०
आज जे घडलं ते मुंबईतही कधी घडलं नाही.
गॅलरीत दात घासत होतो. खाली जीप थांबली. मागे दुसरी. पंधरा-सोळा माणसं उतरली, सगळी पांढऱ्या कपड्यांत. गोंधळ नाही, ढकलाढकली नाही. ओट्यावर रांगेत मुकाट बसली. बायका तर भारावून रडत होत्या. चाहते! दोंडाईच्याच्या फ्लेक्सचा हा परिणाम.
लिलाबाई बाजारात. लगेच खाली गेलो नाही. चाहत्यांना थोडं थांबवावं लागतं. काळा चष्मा लावला, सफारी घातली, गॅलरीतून हात हलवला.
एक बाई किंचाळून आडवी झाली. असं फक्त मोठ्या स्टार्सच्या बाबतीत पाहिलं होतं.

तीच तारीख, दुपारी १२
त्यात निंबा होता. वर आला, माझा दंड दाबून पाहिला आणि म्हणाला, “तू जित्ता शे?” मी हो म्हणालो तर त्याला रागच आला. फ्लेक्सचा फोटो बठ्ठ्या भाऊबंदांच्या मोबाईलवर फिरला म्हणे. सगळे धुळ्याहून दारावर, म्हणजे सांत्वनाला, आले होते. भाड्याच्या दोन जीप करून.
लिलाबाईने आल्याबरोबर चहा टाकला. मग पंचाईत. दारावर गेलेल्या घरी चहा घेत नाहीत. पण माणूस गेलेलाच नाही, मग घ्यावा का? बराच वेळ चर्चा. कप ओट्यावर थंड झाले. शेवटी निंबाने घेतला. निघताना ‘येतो’ म्हणावं की नाही यावर परत अडलं. न म्हणताच गेले.

१ डिसेंबर
आज यावलचे आले. उद्या दोंडाईच्याचे येणार. लिलाबाई म्हणाली, सगळ्यांना फोन करून सांगा. मी नकार दिला. आपल्यामागे आपल्या कलेबद्दल लोक काय बोलतात हे ऐकायची संधी किती नटांना मिळते? तिने सांगितलं, मी खोटं बोलणार नाही आणि रडणारही नाही. ती पुष्पाबाईंकडे मेथी निवडायला गेली.
मी आतल्या खोलीत, दाराआड, वही घेऊन. अभिप्राय टिपून घेण्यासाठी.

तीच तारीख, ४ वाजता
अभिप्राय:
लग्नात वाढायला सगळ्यात पुढे असायचे.
आमचा मिक्सर त्यांनीच दुरुस्त केला होता.
म्हाताऱ्यांचे रेल्वेचे फॉर्म भरून द्यायचे, अक्षर छान.
एक म्हातारा म्हणाला, “माणूस चांगला व्हता.” मी पेन सरसावलं. पुढे म्हणाला, “मुंबईले काय करे, माहीत नही.”
बस. चौसष्ट सिनेमे, आणि अभिनयाबद्दल एक शब्द नाही. मिक्सरबद्दल मात्र दोघं बोलले. फार लागलं. दार उघडून सांगावंसं वाटलं की अरे, मी गोदामात जळालो होतो, सात रिटेक!
दार उघडलं नाही. माझ्याकडे बघून परत कोणी आडवं झालं तर?
लिलाबाईने संध्याकाळी भरीत केलं. तीन भाकरी वाढल्या.

३ डिसेंबर
आता माघार नाही. नाव पडद्यावर आलं की सगळे बघतील. तोवर कोणाला काही सांगायचं नाही. जेवढी चर्चा, तेवढी पब्लिसिटी.
अर्हमचा फोन दोनदा. उचलला नाही. शूटिंगची तारीख सांगत असणार. ज्येष्ठ कलाकार पहिल्या दोन फोनना उपलब्ध नसतो.

४ डिसेंबर
अर्हमचा तिसरा फोन. हात पुढे गेला होता, आवरला. चौथ्याला उचलायचा.

१० डिसेंबर
चौथा आला नाही. मेसेज आला. जोडलेले दोन हात, बाकी काही नाही. म्हणजे माफी मागतोय. शूटिंग माझ्याशिवाय उरकलेलं दिसतं. फोटो होता, काम भागलं. मोठ्या मनाने माफ केलं. उत्तर दिलं नाही, नाहीतर सवय लागते.

१८ ऑगस्ट २०२५
सिनेमा येत्या शुक्रवारी जळगावला लागतोय! गल्लीतल्या सगळ्यांना, धुळ्याच्या निंबाला, यावलवाल्यांना आमंत्रण. मी जिवंत आहे हे आता बहुतेकांना पटलंय. पटलं नव्हतं त्यांना घरी जाऊन पटवलं. एकूण बावीस जण. लिलाबाईने नवी साडी काढली. ती म्हणाली, नाव नाही दिसलं तरी मनाला लावून घेऊ नका. मी म्हणालो, दिसणारच. तिने माझ्या सफारीला इस्त्री केली.

२२ ऑगस्ट, दुपारी ३
बारा वाजताचा शो. निंबा माझ्या उजवीकडे, लिलाबाई डावीकडे. राष्ट्रगीत झालं, सगळे बसले. पडदा काळा झाला.
मग नाव आलं.
सुरुवातीलाच. सगळ्यांच्या आधी. पडदाभर, पांढऱ्या अक्षरांत, एकेक अक्षर माझ्यापेक्षा उंच. शेजारी दुसरं कोणाचंही नाव नाही. हिरोचंसुद्धा नाही.
‘ज्येष्ठ अभिनेता स्वर्गीय गुलाबकुमार जी की स्मृति में.’
अर्हमने ते तीन फोन का केले होते, ते आत्ता कळलं: दोंडाईच्याचे दारावर येऊन गेल्याचं ऐकून, मी खरंच गेलो का ते विचारायला.
पुढच्या रांगेत कोणीतरी अनोळखी गृहस्थ उठून उभे राहिले. त्यांचं बघून त्यांची रांग उठली, मग सगळं थिएटर. निंबाने, माझ्या घरी चहा घेतलेल्या निंबाने, टोपी काढली आणि तोही उभा राहिला. आमचे बावीसही उठले. लिलाबाई तेवढी माझा हात धरून बसून राहिली.
मीही उभा राहिलो. सगळं थिएटर उभं असताना आपणच बसून राहणं बरं दिसत नाही.