हजेरी कोण घेतं

२७ फेब्रु. २००६, सोम.
हॉर्नबीत पोराकडं, संजूकडं, मला येऊन पंधरा दिवस. गाव सपाट, पाटावर मांडल्यासारखं. डोंगर पार लांब. वारा गरम सुटतो आणि डोकं उठवतो. संजू म्हणतो ऑकलंडला हेन्डरसनमध्ये दोन खोल्यांत जीव जायचा, इथं स्वस्त, म्हणून इकडं आलो, घर घेतलं. घर चांगलंय. मागं जागा आहे. मेथी पेरली.
पण पोरगं घरात का?
दहा वाजले तरी हाफ पँटवर. खोलीचं दार लावून. सून वर्षा आठला युनिफॉर्म घालून निघते, म्हाताऱ्यांच्या होममध्ये कामाला. या घरातनं कामाला जाणारं माणूस तेवढं एकच दिसतं.

१ मार्च, बुध.
चहा द्यायला आत गेलो. कानाला काहीतरी लावून कॉम्प्युटरसमोर हसत होता. कामावर कोण हसतं?
जेवून तासभर झोपला. मग जँडल, म्हणजे रबरी चपला, घालून कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला. मग तीनला नातीला, मनूला आणायला शाळेत. आमच्या साखर कारखान्यात फिटरला लघवीला जायचं तरी फोरमनला सांगून.
मनूला विचारलं, बाबा दिवसभर काय करतो गं? "ही इज वर्किंग, आजोबा." पोरीला पण पढवून ठेवलंय.

३ मार्च, शुक्र.
कुंपणापलीकडं कॉलिन. माझ्याच वयाचा, मटणाच्या कारखान्यात होता. विचारतो, पोरगा आज पण घरी? त्याच्या पोराला कामावरनं काढलं तेव्हा तो पण असाच वर्षभर घरी होता म्हणे. माझं इंग्रजी निम्मं, त्याचं तोंडातल्या तोंडात. पण एवढं कळलं.
घरात येऊन सरळ विचारलं. संजू म्हणाला, "बाबा, ऑकलंडच्या ऑफिसचंच काम करतो. इथनं."
"मग हजेरी कोण घेतं?"
"कोणीच नाही." हसला.
तिथंच समजलो. नोकरी गेलीय, लपवतोय. ऑकलंड विमानानं दीड तास, मध्ये समुद्र. तिथलं काम इथनं. ऊस गव्हाणीत टाकायला माणूस तिथं उभा लागतो. घरात बसून टाकता येतो का?

६ मार्च, सोम.
मला सस्पेंड केलेलं ते आठवतंय सारखं. पंप जळाला, नाव माझं घेतलं. अकरा दिवस डबा घेऊन निघायचो, कॅनॉलवर बसून खायचो, संध्याकाळी घरी. हिला सांगितलं नव्हतं. वडलांना कुठनं कळलं काय माहीत. मला एक शब्द न विचारता नारळ घेऊन चीफ इंजिनिअरच्या बंगल्यावर गेले. हात जोडले. बाराव्या दिवशी मी कामावर. पुढं मरेपर्यंत त्यावर बोलले नाहीत.
संजूला परत विचारायचं नाही. विचारलं की माणूस खोटं बोलतो. ही असती तर बरोबर काढून घेतलं असतं त्याच्याकडनं. चार वर्षं झाली तिला जाऊन.
पण इथं सायबाचा बंगला कुठाय?

९ मार्च, गुरु.
काम झालं.
तीनला संजू मनूला आणायला गेला. फोन वाजला. ऑकलंडहून ग्रेग. संजूचा सायब, हे नाव त्याच्या तोंडून ऐकलेलं. देवानंच लावून दिला. उभा राहिलो. म्हटलं, "सर, आय एम फादर. संजू गुड बॉय. होल डे सिटिंग इन हाऊस. नो वर्क. प्लीज गिव्ह वर्क."
सायबानं विचारलं, होल डे?
"येस सर. आफ्टर लंच, वन अवर स्लीप."
थँक यू म्हणाला. चांगला माणूस वाटला, ऐकून घेतलं. नारळ नव्हता हातात, तेवढीच चुटपुट. संजूला सांगितलं नाही. वडलांनी मला कुठं सांगितलं होतं.

१० मार्च, शुक्र.
सायबानं सोमवारी ऑकलंडला बोलावलं. तिकीट पण पाठवलं. मला आनंद.
पण वर्षाचं तोंड उतरलं. घरी बसून काम, ही सहा महिन्यांची ट्रायल आहे म्हणे, या महिन्यात संपते. सायबाला पटलं तर इथंच राहायचं. नाही पटलं तर ऑकलंडला परत, नाहीतर नोकरी सोड. आणि हे घर? वर्षा म्हणाली विकायचं, दुसरं काय.
म्हणजे नोकरी होती? गेलीच नव्हती?
जेवलो नाही.

११ मार्च, शनि.
सांगून टाकलं. गोल गोल बोलायला मला येत नाही.
संजू भांडी पुसत होता. पुसायचा थांबला. "झोपतो ते पण सांगितलं?"
"हो."
"त्यानं विचारलं म्हणून?"
"नाही. आपणहून."
म्हणाला, "सहाला बसतो मी कामाला, बाबा. तुम्ही फिरायला जाता तेव्हा." मग तेच पातेलं परत पुसत बसला. ओरडला असता तर बरं झालं असतं.
सहाला. मी साडेपाचला निघतो, साडेसातला येतो, मग मला कसं दिसणार.

१२ मार्च, रवि.
म्हटलं मी लावतो सायबाला फोन, सांगतो चूक माझी. संजू म्हणाला, "नको. तुम्ही फोनला हात लावू नका, बाबा. वाजला तरी."
वर्षा म्हणते तुमच्यामुळं नसेल हो, नाहीतरी बोलावणारच होते. खरं की माझं मन राखायला, काय कळंना. विचारायची आता भीती वाटते.
मेथी उगवलीय. बोटभर.

१३ मार्च, सोम.
आज कामावर निघाल्यासारखा निघाला. इस्त्रीचा शर्ट, बूट. डबा भरून दिला, पोळी नि बटाट्याची भाजी. तिथं मिळतं म्हणाला, पण घेतला. पाया पडला. म्हटलं, वेळेवर पोच.
वर्षा कामावर, मनू शाळेत. त्याच्या खोलीत जाऊन खुर्चीत बसलो. वही उघडी होती. तारखा, पुढं वेळ, पुढं काय केलं ते. रोजची सुरुवात सहा. तास झोपला तो पण लिहिलाय, आणि संध्याकाळी भरून काढलाय. म्हणजे हजेरी हाच घेत होता. स्वतःची.
हे सायबाला कोण सांगणार?
दोन वाजले. भेट एकला होती.
फोन वाजतोय. संजू असेल. सायब पण असेल. हात लावू नको म्हणालाय.
थांबला.
परत वाजतोय.