भुलाबाईची तुटकी फीत

१७ नोव्हेंबर १९६९, खामगाव

शेवटी गुंतलीच फीत. सासूबाईंचं गाणं ऐन रंगात आलं होतं, आणि आवाज एकदम ताणला गेला, घोगरा झाला, मग नुसती खरखर. ह्यांनी धावत येऊन खटका दाबला, तोवर टेपरेकॉर्डरच्या पोटात गुंता. ओढून काढताना फीत तुटली – मधले दोन तुकडे सुटे हातात आले, हात-दोन हात लांबीचे.

सासूबाई खाटेवरून बघत होत्या. माघात लकवा झाला तेव्हापासून त्यांच्या तोंडून एक शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, वाचा येणं आता कठीण. त्यांचा आवाज उरला आहे तो एवढ्या एका फितीत. गेल्या वर्षीच्या कोजागिरीला गल्लीतल्या पोरी जमवून त्या भुलाबाईची, आमच्या पुण्याकडच्या भोंडल्यासारखी गाणी म्हणत होत्या. ह्यांनी मशीन नवीनच घेतलेलं, चालतं की नाही बघायचं म्हणून भरून घेतलं. गंमत म्हणून!

१८ नोव्हेंबर

ह्यांनी जेमतेम दोन घास खाल्ले. सासरे, आमचे मामाजी, तर जेवलेही नाहीत. रोज संध्याकाळी त्यांनी खाटेजवळ स्टूल ओढायचं आणि ते गाणं लावायचं, असा नेम होता. आज नुसतेच स्टुलावर बसून राहिले.

१९ नोव्हेंबर

कारण सापडलं. नारायणरावांनी मशीन उघडलं. ते ह्यांचे मित्र, बाजारात रेडिओ दुरुस्त करतात. आतलं रबरी चाक तेलाने माखलेलं. तेच चाक फीत पुढे ढकलतं म्हणे, ते निसटायला लागलं की फीत गुंतणारच.

"याले तेल कोनं टाकलं?"

मग मामाजी – "म्या टाकलं. करकर करत होतं."

त्यांचा उभा जन्म कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून गेला. तिथे जे करकरतं त्याला तेल, दुसरा विचारच नाही. हे उसळले, "बाबा, हे काय जिनाचं चाक हाय का? इचारायचं तरी!" मामाजी टोपी घालून बाहेर निघून गेले. मला राग यायला हवा होता. नाही आला. बायकोचं गाणं करकरतंय हे त्यांना बघवलं नसेल.

नारायणराव जाताना बजावून गेले – "वहिनी, आता घडीघडी वाजवू नका. फितीवरची ही तपकिरी भुकटी झडते ना, आवाज तिच्यातच रायते. साफ करा, जोडा, एकच डाव वाजवा, अन् तवाच दुसऱ्या मशीनवर उतरवून घ्या. मशीन मी आनतो."

२२ नोव्हेंबर

दुपारभर फीत पुसली. रबरी चाकाला स्पिरिट, फितीला मामाजींच्या जुन्या धोतराचा मऊ तुकडा. ओसरीभर फीत पसरली होती, शेजारच्या बेबीताई दारातून म्हणाल्या, "काय वो, शेवया वाळू घातल्या का?" हसले मी. बऱ्याच दिवसांनी.

या घरात आल्यापासून सासूबाईंच्या लेखी माझं चुकलं नाही असा एक दिवस गेला नाही. भाकरी जाड, फोडणी करपली, पदर नीट नाही. "पुन्याच्या पोरीले काऊन काही येत नाही वो?" मी रात्री ह्यांच्यापाशी कुरकुरायची. आता घरात बोलतो तो फक्त स्टोव्ह. मला त्यांची बोलणी खायची आहेत. वेडेपणा आहे, पण खायची आहेत.

२५ नोव्हेंबर

दोन तुकड्यांतला आधीचा कुठला? वाजवून बघायची सोय नाही. शेवटी ह्यांनी एकेक तुकडा हाताने मशीनच्या तोंडावरून हळू ओढला. आवाज विहिरीतून आल्यासारखा. एकात "दीर" कळलं, दुसऱ्यात "नणंद". म्हणजे ते सुनेला न्यायला सासरचं एकेक माणूस येतं आणि ती जात नाही, ते गाणं.

ह्यांना विचारलं, आधी कोण येतं? "मी काय पोरगी होतो का?" मामाजी म्हणाले, "बायकाइचं गानं. मले काय ठाव." मग मीच ठरवलं. आमच्या भोंडल्यात आधी नणंद, मग दीर. गाणं थोडंबहुत तेच आहे, क्रमही तोच असणार. तिरपं कापून चिकटपट्टीने जोडलं. सांधे छान बसले, हे दोनदा म्हणाले.

२७ नोव्हेंबर

मामाजी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे. "सुलभाबाई, एकच डाव लावू का? हळूच." नाही म्हणताना जिवावर आलं. पण नाहीच म्हटलं. "बरं," म्हणाले, आणि पाण्याचा गडू घेऊन गेले.

३० नोव्हेंबर

उद्या. नारायणरावांचं मशीन आलं. दोन्ही जोडायची वायर त्यांच्याकडे नाही, म्हणून आपल्या मशीनपुढे त्यांचा माईक ठेवायचा. तो खोलीतलं सगळं टिपतो – भांडं, खोकला, काहीही. तेव्हा कोणी हूं की चूं करायचं नाही. बेबीताईंच्या पोरींना उद्या मळ्यात धाडायचं ठरलं. सासूबाईंची खाट हलवायची का, असं हे विचारत होते. मी म्हटलं राहू द्या, त्यांचा कसला आवाज होणार.

लिहून गेले आणि वाईट वाटलं.

१ डिसेंबर

उतरवणं बिघडलं. सांधे टिकले, आवाज स्वच्छ होता, आणि नणंदेचं कडवं लागताच कोणीतरी मध्ये बोललं. मी मामाजींकडे रागाने पाहिलं. त्यांचे ओठ मिटलेले, ते खाटेकडे बघत होते.

"दीर," सासूबाई म्हणाल्या. तोंड वाकडं, जीभ जड, कपाळाला आठी. "दीर पयले... सुलभा."

नारायणरावांचा हात मशीन बंद करायच्या बटणाकडे गेला. मामाजींनी तो धरून ठेवला.