गॉगलवर धरणाऱ्या वाफेची चौकशी

३ डिसेंबर

ही वही उघडायचं कारण एकच. स्कीच्या सामानाच्या दुकानातला टोपीवाला (दुकानात हीटर चालू आणि ह्याच्या डोक्यावर लोकरीची टोपी, जाहिरात, दुसरं काय) आज चार गिऱ्हाइकांसमोर मला म्हणाला की मॅडम, गॉगलमध्ये काही दोष नाही. मग दोष कुठे आहे, ते त्याने सांगितलं नाही. नुसतं माझ्याकडे बघितलं. कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये माझा जन्म गेला. काच, भिंग आणि खोटं रीडिंग लिहिणारे लोक, यांबद्दल मला कोणी शिकवू नये. यापुढे सगळं तारीखवार लिहून ठेवणार.

प्रकरण असं. महिनाअखेरीला लेक आणि जावई आम्हाला बर्फावर नेणार आहेत. मला आणि ह्यांना. ह्यांच्या थोरल्या बहिणीला, वन्संना, कोणी बोलावलं ते अजून कळलेलं नाही. लेकीची अट आहे: चष्म्यासकट नीट दिसेल असा गॉगल मिळाला तरच स्कीइंगच्या क्लासला तुझं नाव घालीन. नाहीतर आई, तू आपली हॉटेलच्या खिडकीत बसून कॉफी पी आणि सामानाकडे बघ.

बर्फावरून घसरत खाली यायचं मी एम.एस्सी.ला असताना ठरवलं होतं. मध्ये संसार आला. सामान राखायला मी बर्फावर जाणार नाही.

५ डिसेंबर

पहिला गॉगल परत केला. साधा होता. चष्म्यावर चढवला की चष्म्याच्या काड्या कानशिलात रुततात आणि नाक चपटं होतं. मग टोपीवाल्याने दुसरा काढला: खास चष्मेवाल्यांसाठी, आतून खोल, बाजूच्या स्पंजाला काड्या जातील अशा खाचा. बसला छान.

पण हा त्याने आधी का काढला नाही? मी चष्मा घालूनच दुकानात शिरले होते. कुठेतरी पाणी मुरतंय.

६ डिसेंबर, सकाळी

घरी चाचणी. खिडकीशी उभं राहायचं, गॉगल चढवायचा, समोरच्या बिल्डिंगवरची पाटी वाचायची. पाटी धूसर. वाफ.

वन्संनी जवळ येऊन बाहेरून पाहिलं आणि म्हणाल्या की काचेवर वाफ काही दिसत नाही गं. बाहेरून कशी दिसेल? वाफ आत धरते. वन्संनी शाळेत विज्ञान सोडलं, ते असं मध्येच डोकं वर काढतं.

संध्याकाळी

थंडीत काय होतं ते पाहायला हवं होतं, म्हणून फ्रीजरमध्ये डोकं घालून उभी राहिले, गॉगल लावून. हे स्वयंपाकघराच्या दारात आले. थोडा वेळ उभे राहिले. मटार संपलेत का, एवढंच विचारलं.

मटार आणि बर्फ वेगवेगळे ओळखता आले नाहीत. म्हणजे थंडीतही वाफ धरते. सिद्ध झालं.

९ डिसेंबर

वाफ आतून रुमालाने पुसून पुसून काढली, तरी पाटी तशीच. टोपीवाल्याकडे गेले. तो कळवळला: आतून कधीच पुसायचं नाही म्हणे, आत वाफ न धरण्याचा लेप असतो, तो पुसला की निघतो, नुसतं झटकून वाळवायचं. मग विकताना सांगायला काय झालं होतं? सांगितलं होतं म्हणे. मला आठवत नाही, म्हणजे सांगितलं नव्हतं.

तिसरा गॉगल आणला. दुहेरी काचेचा, वरखाली हवेला फटी. ह्याला हात लावणार नाही असं ठरवलं आहे.

ता.क. तिसरासुद्धा धूसर.

११ डिसेंबर

आज गॉगल सोडून दुसरं. पार्किंगमधल्या खांबाला गाडी घासली. खांब पूर्वी इतका पुढे नव्हता. मध्यंतरी रंगवायला माणसं आली होती, तेव्हा काहीतरी केलंय. वॉचमनला विचारलं, तर तो हसला. हसण्यावरून संशय बळावला.

जिन्यातला दिवासुद्धा मंद झाला आहे. सोसायटीवाले काटकसर करताहेत. आणि पेपरवाल्यांनी शाई पातळ केली आहे, ते कोणाच्याच लक्षात आलेलं दिसत नाही.

हे हल्ली जिथे जाईन तिथे गाडीत येऊन बसतात. भाजीला, बँकेत, कुठेही. आणि बसले की रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचतात. पुढे शाळा आहे. सिग्नल लाल झाला बरं का. डावीकडे वळू नये. लहान मुलं नवीन वाचायला शिकली की करतात तसं. वय झालं, दुसरं काय. मी काही बोलत नाही.

१३ डिसेंबर

लेकीचा फोन. तिने नवीनच काढलं: गॉगलच्या आत नंबरची काच क्लिपने बसवून मिळते, मग चष्म्याची भानगडच नको. किंवा कॉन्टॅक्ट लेन्स घाल म्हणाली. दुसऱ्यांच्या डोळ्यांत बोट घालण्यात मी आयुष्य काढलं, स्वतःच्या घालणार नाही, असं सांगितलं. ती हसली नाही. आई, नंबर शेवटचा कधी तपासलास, म्हणाली.

हा प्रश्न तिच्या मनातला नव्हे. हा ह्यांनी पढवलेला. बाप आणि लेक मिळून काहीतरी शिजवताहेत.

१५ डिसेंबर, दुपारी

आतली काच करून घ्यायला चष्मेवालीकडे गेले. जुना नंबर दिला. ती घेईना. नवीन तपासणी लागेल म्हणे. ठीक आहे, म्हटलं, घे.

खुर्चीवर बसण्याआधी बाकावर बराच वेळ बसवलं होतं. चार्ट जवळच टांगलेला होता, तेवढ्यात पाठ झाला. मुद्दाम पाठ केला नाही. माझी स्मरणशक्ती आहेच तशी. धडाधड शेवटच्या ओळीपर्यंत म्हणून दाखवला. तर त्या पोरीने काय करावं? बटण दाबून चार्टच बदलला! निम्मा पेपर झाल्यावर पेपर बदलायचा, ही कुठली परीक्षा? मी निषेध नोंदवला आणि उठले.

निघताना ती म्हणाली, मॅडम, तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन या, काचेने होण्यातलं नाही हे. डॉक्टरचं कार्डही दिलं. म्हणजे कमिशन. कार्ड फाडणार होते. ह्यांनी हातातून घेऊन खिशात टाकलं. कागद वाया घालवू नये म्हणे. ह्यांचा पण हिस्सा आहे की काय?

१६ डिसेंबर

वन्संनाही टोपीवाल्याने चष्म्यावरचा गॉगल दिला. माझ्या तिसऱ्यासारखाच. त्यांचा चष्मा माझ्यापेक्षा जाड आणि वर दोन नंबरांचा. खिडकीत उभ्या राहिल्या आणि समोरची पाटी वाचली. वर तिच्याखालचं वाढवून सांगितलं: पहिल्या मजल्यावर दोरीवर मोजे वाळत घातलेत, एक हिरवा, एक निळा, बाई विसराळू दिसते.

मोजे! मला तर दोरीसुद्धा...

वन्सं थापा मारतात हे मला लग्नाच्या दिवसापासून माहीत आहे.

१७ डिसेंबर

वन्संचा गॉगल त्या आंघोळीला गेल्या असताना लावून पाहिला. धूसर. म्हणजे त्यांच्याही गॉगलवर वाफ धरते आणि त्या कबूल करत नाहीत. दुकानदाराची भीड, नाहीतर माझ्यावर कुरघोडी.

बाहेर आल्यावर म्हणाल्या, अगं, गॉगल बदलून बदलून दुकान पालथं घातलंस, आता बर्फ बदलून बघ. आणि हे हसले. मी हसणाऱ्याचं आणि हसवणारीचं, दोघांचंही नाव इथे लिहून ठेवते.

१८ डिसेंबर

लेकीला क्लासवाल्यांना नावं कळवायची आहेत. या आठवड्यात आई तुझं काय ते नक्की सांग, म्हणाली. सांगितलं, घाल नाव. गॉगलचा बंदोबस्त मी करते.

योजना: टोपीवाल्याला त्याच्याच दुकानात, साक्षीदारांसमोर उघडा पाडायचा. रीतसर प्रयोग करून. मी मुलांना पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट घोकायला लावत असे: उपकरण हातात घेतलं की आधी झिरो एरर. काही न मोजता ते शून्य दाखवतं का ते बघायचं, मग मोजायला सुरुवात. ते न पाहता रीडिंग घेणाऱ्याला मी नापास करत असे. एकाचे वडील प्रिन्सिपॉलना घेऊन आले होते. तरी नापास.

अशा शिस्तीची बाई आहे मी. टोपीवाल्याला कल्पना नाही.

२० डिसेंबर, संध्याकाळी

चौकातून वळताना एक सायकलवाला एकदम उगवला. दिवेलागणीला गडद कपडे घालून फिरतात आणि मग लोकांना दोष देतात. समोरच्या गाड्यांचे दिवेही हल्ली सगळे बेकायदा. एकेकाभोवती हे एवढं खळं. ह्यांनी हँडब्रेक ओढला. माझ्या गाडीचा, मला न विचारता. गाडी थांबली. सायकलवाला पाय टेकून उभा राहिला, आमच्या बॉनेटवर हात ठेवून. नंतर निघून गेला.

मी ह्यांना खूप बोलले. ड्रायव्हिंग सीटवर जो बसतो त्याचा हुकूम, वगैरे.

घरी येईपर्यंत ह्यांनी एकही पाटी वाचली नाही.

जेवताना शेवटी म्हणाले की तो अगदी समोर होता गं. पुन्हा म्हणाले, समोर होता.

पाहिलं होतं मी त्याला, असं सांगितलं.

२२ डिसेंबर

काल वही उघडली नाही. गाडीही काढली नाही. सर्दी आहे.

उद्या टोपीवाला.

२३ डिसेंबर, दुपारी

वन्सं आणि हे साक्षीदार. दुकानात दुसरी गिऱ्हाइकंही होती, ते उत्तम. तिसरा गॉगल काउंटरवर ठेवला. टोपीवाल्याला काउंटरच्या बाहेर यायला लावलं. दुकानाच्या काचेतून समोर रस्त्यापलीकडे एक दुकान आहे, त्याची पाटी वाचायची असं ठरवलं. वाक्यसुद्धा तयार होतं: आता यात दोष नाही हे पुन्हा म्हणून दाखवा.

गॉगल उचलला. चढवायच्या आधी, सवयीने, वर्गात म्हणावं तसं मोठ्याने म्हटलं: आधी झिरो.

म्हणजे गॉगल न लावता.

तो हातातच होता. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. समोर पाहिलं.

चष्मा पुन्हा पुसला.

इतके दिवस मी हे रीडिंग घेतलंच नव्हतं. घरी, फ्रीजरमध्ये, खिडकीत, प्रत्येक वेळी गॉगल लावूनच पाहिलं. एकदाही न लावता नाही.

समोर वाफ होती. पाटीवर, रस्त्यावर, टोपीवाल्याच्या टोपीवर. सगळीकडे सारखी.

मग वन्संनी हळूच पाटी वाचली. चपलांचं दुकान आहे. मी समजत होते औषधांचं. टोपीवाल्याने खुर्ची आणली. मी बसले. तो काहीतरी बोलला असता तर बरं झालं असतं, मी उत्तर दिलं असतं.

मीच म्हटलं, गॉगलमध्ये दोष नाही.

२४ डिसेंबर

ह्यांनी खिशातून ते कार्ड काढलं. घडी पडली होती. गेलो.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा जास्त. पुष्कळ दिवसांचा असावा, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ऑपरेशन छोटं असतं, एकेक डोळा करू, नीट दिसायला लागेल. उजव्याची तारीख नेमकी बर्फाच्या आठवड्यात. पुढे ढकला म्हटलं, तर त्यांनी विचारलं, गाडी चालवता का? हो म्हटलं. मग हल्लीच बंद केली असेल ना?

हे छताकडे बघू लागले. छतावर काही नव्हतं. असलं तरी मला दिसलं नसतं.

बाहेर आल्यावर ह्यांना विचारलं, तुम्हाला कधीपासून माहीत होतं? म्हणाले, तू मागल्या हिवाळ्यात बसला हात करून थांबवलंस आणि तो कचऱ्याचा ट्रक निघाला, तेव्हापासून. मग बोलला का नाहीत? म्हणाले, बोललो की. रोज. पाट्या वाचत होतो.

२६ डिसेंबर, सकाळी

लेकीला क्लासमधलं नाव काढायला सांगितलं. ती बर्फच रद्द करायला निघाली होती. तुम्ही जाऊन या, वन्संना घेऊन जा, म्हटलं. मी आणि हे इथेच. ती म्हणाली, पुढच्या वर्षी तुझं नाव पहिलं घालते. बघू. बर्फवाल्यांचा काय भरवसा?

आज सुपूर्द केलेल्या वस्तू:

वन्संना, तिसरा गॉगल. त्यांच्या गॉगलचा पट्टा सैल होत होता, याचा घट्ट बसतो. आतून पुसायचा नाही हे दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी मलाच सांगितलं.

टोपीवाल्याला, दुसरा गॉगल, आतून खरवडलेला, दुकानात दाखवायला, की पुसलं तर असं होतं. माझं नाव सांगायचं नाही या अटीवर.

ह्यांना, गाडीची किल्ली. जास्तीची एक माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात होती, तिचा ह्यांना पत्ताच नव्हता. तीही दिली. किल्ल्या घेऊन लगेच डॉक्टरीणबाईंकडे ऑपरेशनआधीच्या रक्ततपासणीसाठी नेलं. मी शेजारच्या सीटवर. फार हळू चालवतात, मुद्दाम असावं. रस्ताभर पाट्या मोठ्याने वाचत गेले. मी थांबवलं नाही.