चाचणीसाठी अप्पांचा फोन

१२ मार्च

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं पोचली. इकडे सगळं ठीक. तुझी वहिनी गुडघ्याच्या नावाने बोटं मोडते आहे, म्हणजे तीही ठीक.

अप्पांचा फोन पाठव, त्यात त्यांचा आवाज असेल, असं तू दोनदा लिहिलंस. पाठवतो. अप्पा जाऊन चार महिने झाले तरी पाठवला नाही, तो माझ्या कामामुळे. नोकरी सुटल्यावर मी घरीच ॲप बनवायला बसलोय. म्हाताऱ्या माणसांना गोळ्यांची आठवण करून देणारं. हसू नकोस.

कॉम्प्युटर अप्पांच्याच खोलीत मांडला. खाट काढली, तिथे टेबल बसलं. सगळं डाउनलोड होऊन जागेवर बसायला अख्खा दिवस गेला. कॉम्प्युटरच्या आतला नकली फोन सुरू केला की मशीन नुसतं घरघरायचं. म्हटलं, खऱ्याच फोनवर चालवून बघू. म्हाताऱ्यांकडे फोन जुनेच असतात, आणि घरात जुना फोन एकच होता.

पहिली केबल नुसती चार्जिंगची निघाली. दोन तास फुकट! दुसरी लावली, सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा बोट मारलं, डिबगिंग, म्हणजे केबलमधून ॲप चढवायची परवानगी, चालू केलं. तरी ॲप चढेना. जागा नाही म्हणे. बघतो तर काय, रेकॉर्डिंगच रेकॉर्डिंग. एकशे सहा. सगळी तुझ्यासाठी बोललेली. पाठवायची कशी, ते त्यांना कधी जमलंच नाही.

ऐकली मी. सगळी.

तीन वर्षं त्यांचं हगणंमुतणं मी काढलं, चिमे. तू उंटावरून शेळ्या हाकल्यास. आणि म्हातारा कुजबुजत बोलतो कुणाशी? तुझ्याशी! ‘दादा बाहेर गेलाय, म्हणून बोलतो.’ ‘आज परत ताट उचलून नेलं.’ ‘बाहेरून कडी लावलीय, पाण्यासाठी हाका मारल्या.’ ‘हात सुजलाय, पण पडलो असं सांगायचं ठरलंय.’

लावायचो कडी. दिवसभर हाका मारणाऱ्या माणसाजवळ एक दिवस बसून दाखव, मग बोल.

पाच-दहा रेकॉर्डिंग पुसली असती तरी ॲपचं भागलं असतं. सगळी कॉम्प्युटरवर उतरवून घेता आली असती, केबल लावलेलीच होती. नाही घेतली. फोनच कोरा केला. त्या दिवशी मला शांत झोप लागली, खोटं कशाला सांगू.

फोन कुरियरने येईल. ॲप त्यावर झकास चालतं.

शेवटच्या रेकॉर्डिंगमधलं मात्र सांगतो, नाहीतर म्हणशील दादाने काहीच दिलं नाही. अप्पा म्हणाले, ‘चिमे, तुला कळलं तरी दादाला शब्दाने बोलू नकोस. कुणाला सांगू नकोस. माझी शपथ आहे तुला.’

अप्पांची शपथ तू आजवर कधी मोडली नाहीस. आताही मोडणार नाहीस, म्हणून तर एवढं मोकळेपणाने लिहिलं.

तुझाच,
दादा