जावईबापूंनी बुजवलेला खण

तीर्थस्वरूप दाजी,

तुम्हाला आणि ताईला वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत ते कळवा. तुमच्या सुतारकामाच्या पटाशीची चौकशी करत नाही, ती तुमच्यापेक्षा ठणठणीत असणार. आम्ही सगळे मजेत आहोत. (असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. पुढे वाचा.)

आमच्या लग्नात तुम्ही स्वतःच्या हातांनी करून दिलेलं लिहायचं टेबल आठवत असेलच. गेल्या आठवड्यात त्याच्या कडेचा बोटभर टवका उडाला. उडवला आमच्या जावईबापूंनी. त्यांच्या घराचं रंगकाम चाललंय, म्हणून लेक आणि ते पंधरा दिवस आमच्याकडे मुक्कामाला आहेत. बसून खाणं बरं दिसत नाही अशी सद्बुद्धी होऊन त्यांनी टेबल फॅन हलवायला घेतला आणि तो टेबलावर टाकला. फॅनला काही झालं नाही.

यावर माणसाने गप्प बसावं. पण गृहस्थ पडले शिकलेले. मोबाइलवर तीन व्हिडिओ बघितले आणि माझ्याच दुकानातून लाकडात भरायच्या फिलरचा डबा आणवला. दाजी, विसाव्या वर्षी खांद्यावर पिशवी टाकून मी दारोदार स्क्रू विकले, आज तीन शटरचं हार्डवेअरचं दुकान आहे. फिलरचा डबा कोण नेतोय ते मी चालीवरून ओळखतो. सुतार नेतो तो मान खाली घालून, कारण त्याची चूक झालेली असते. हौशी माणूस नेतो तो मान वर करून, कारण त्याची अजून व्हायची असते.

जावईबापूंनी आधी गॉगल लावला, मग मास्क, मग हातमोजे. (मला वाटलं, टेबलाचं ऑपरेशन करून अपेंडिक्स काढतात की काय.) फिलर घट्ट व्हायला त्यात वाटाण्याएवढा हार्डनर मिसळा, असं डब्यावर छापलंय, तर वाटाणा नेमका केवढा असतो, ते हे स्वयंपाकघरात जाऊन विचारून आले. भरलं, वाळवलं, पॉलिश पेपरने घासलं. रंग जुळवायला पुठ्ठ्यावर चार नमुने काढले आणि एकेक नमुना उन्हात आणि सावलीत धरून पाहिला. आम्ही यांना पसंत करताना एवढं निरखलं असतं तर... (वाक्य पुरं करत नाही, लेक तुमची लाडकी भाची आहे.)

आणि एवढं करून झालं काय? टेबलाचा खण बुजला. खणाच्या चारी बाजूंची फट फिलरने गच्च भरली आणि त्याचा दगड झाला. मूठ धरून ओढली, ती माझ्या हातात आली. आत हिचा पासपोर्ट आहे. शुक्रवारी सकाळच्या विमानाने तिघी बहिणी परदेश बघायला निघाल्या आहेत. "पुढच्या वर्षी बघू" हे माझं उत्तर हिने एकतीस वर्षं ऐकलं, आता बॅग भरून दारात ठेवली आहे. पासपोर्ट सुरक्षित राहावा म्हणून खणात ठेवला, आणि इतका सुरक्षित पासपोर्ट दुसऱ्या कोणाचा नसेल.

माझे कान तुम्हाला माहीत आहेत. काल ही आतल्या खोलीत धाकट्या मेहुणीला फोनवर सांगत होती, "फोडून टाकलं असतं गं टेबल, पण दाजींच्या हातचं आहे. यांना विचारावं तर थांब म्हणतात. जन्मभर थांबच म्हणत आलेत." जावयाला मात्र कोणी चकार शब्द बोलत नाही. जावयाला कोण बोलणार? ते खणाकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात आणि निवांत चहा पितात.

इथला सुतार बोलावण्याची सोय नाही. सगळी माझी गिऱ्हाइकं. शेटच्या घरात फिलरने खण चिकटला, ही बातमी दुपारच्या आत प्रत्येक वखारीत पोचेल आणि उद्यापासून माझ्या सल्ल्याला काडीची किंमत राहणार नाही.

ताईला सांभाळा.

तुमचा मेहुणा

ता. क. टेबलाची मागची फळी न फोडता कशी सुटते, ते एकट्या तुम्हाला ठाऊक. बुधवारी सकाळी दुकानाचा टेम्पो तुमच्या दारात येईल, पटाशी घेऊन त्यात बसा. हे पत्रही आजच त्याच टेम्पोवाल्याच्या हाती देतोय. फोनवर बोललो असतो, पण ऐकायची सवय या घरात मला एकट्यालाच नाही.

आणखी एक ता. क. आल्यावर टवक्याची जागा शोधून बघा. सापडणार नाही. मी चष्मा लावून शोधली. ते काम जावईबापूंचं, खणाचं माझं. त्यांचं इतकं बेमालूम जमलेलं बघून माझा जळफळाट झाला. खण कित्येक वर्षं खडखडत होता, म्हटलं उरलेल्या फिलरने तो आवळून दाखवावा. भरायचं आणि लगेच ओढून मोकळा करायचा, एवढंच काम. तेवढ्यात दुकानातून फोन आला. एका गिऱ्हाइकाला अर्धा तास समजावत बसलो, की बाबा रे, हा फिलर दहा मिनिटांत दगड होतो, हात चालव.

जावईबापू दारातून सगळं बघत होते. त्यांनी अजून कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हीही आल्या आल्या त्यांनाच दोन शब्द सुनावा, म्हणजे हिला संशय यायचा नाही. दोनच, जास्त नको, पोरगा गुणी आहे. शुक्रवारी विमान उडालं की हिला मी स्वतः खरं सांगणार आहे. (उडाल्यावर. आधी नाही.)